सहावीची मुलं आणि अपूर्णांक: गोल, पट्टी की संख्यारेषा?

खडूफळा
नमस्कार मंडळी. जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवते. सध्या अपूर्णांक चालू आहेत आणि एका ठिकाणी तुमची मदत हवी आहे.

वर्तुळ देऊन "३/४ भाग रंगव" म्हटलं की वर्गातली सगळी मुलं रंगवतात. खालच्या वर्गांपासून हेच करत आली आहेत. पण फळ्यावर ० ते ५ अशी संख्यारेषा काढून "३/४ कुठे आहे?" विचारलं की बरीच मुलं ३ आणि ४ यांच्या मधे बोट ठेवतात. रंगवलेला पाऊण गोल आणि ही संख्या एकच, हे त्यांच्यापर्यंत पोचलेलंच नाही.

दुसरं म्हणजे बेरीज. १/२ + १/३ चं उत्तर २/५ येतं, हे गणित शिकवणाऱ्या सगळ्यांनी पाहिलेलं आहे. या वेळी एका मुलीने मला चित्र काढून दाखवलं. दोन घरांची पट्टी, एक घर रंगवलेलं. तिच्या शेजारी तीन घरांची पट्टी, एक घर रंगवलेलं. एकूण घरं पाच, रंगवलेली दोन. "चित्रातच दिसतंय की बाई!" म्हणाली. तिला नुसतं "चूक" म्हणून बसवायला मन तयार होईना, कारण ती विचार करून बोलत होती.

चित्रं वापरायची की नाही हा माझा प्रश्न नाही, वापरायचीच आहेत. पण कोणतं चित्र, कशासाठी, आणि कधी थांबायचं? शाळेत तयार संच नाही. पुठ्ठा, कात्री, फूटपट्टी आहे आणि मुलांचा उत्साह भरपूर आहे.

निंबोणी
वाचतेय. माझी मुलगीही सहावीत आहे. १/८ हा १/४ पेक्षा मोठा, कारण आठ चारपेक्षा मोठे, असं परवाच ऐकलं.

परसदार
आमच्या घरी तीन भावंडं आणि एक नियम होता: जो कापेल तो शेवटी उचलेल. खरवसाचे इतके समान तुकडे कुठल्याही पुस्तकातल्या आकृतीत सापडायचे नाहीत. 😄

अंशछेद
बाई, तेहतीस वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झालो, त्या अनुभवावर स्पष्ट मत देतो. चित्र पहिल्या दोन तासांपुरतं ठीक. नंतर लसावि काढा, समच्छेद करा, अंशांची बेरीज करा, आणि उदाहरणं सोडवून घ्या. ५/१७ + ३/१९ चं चित्र कोण काढणार? पुढे आठवी-नववीत x/२ + x/३ येतं, तिथे भाकरी कामाला येत नाही. शिष्यवृत्तीच्या पेपरात मुलाकडे एका प्रश्नाला जेमतेम मिनिट असतं. हात बसलेला नसेल तर ते मूल मागे पडतं, आणि त्याची हळहळ मला जास्त वाटते.

कृष्णाकाठ
सर, हात बसायला हवा याबद्दल दुमत नाही. पण हात बसलेल्या मुलाला उत्तर चुकलंय याचा वास यायला हवा की नको? अर्ध्यात काहीतरी मिळवलं आणि उत्तर २/५ आलं, म्हणजे अर्ध्यापेक्षा कमी! हे ज्याला खटकत नाही, त्याचा लसावि विसरला की सगळंच गेलं.

खडूफळा, त्या मुलीच्या चित्राबद्दल. तिने दोन वेगवेगळे 'पूर्ण' घेतले आणि शेवटी दोन्ही मिळून तिसराच 'पूर्ण' धरला. गंमत म्हणजे काही ठिकाणी तिची रीत अगदी बरोबर आहे. कबड्डीच्या संघाने आधीच्या दोन सामन्यांत एक जिंकला, पुढच्या तिनांत एक जिंकला, तर एकूण पाचात दोनच. तिथे सामने मोजायचे असतात. अपूर्णांकांच्या बेरजेत एकाच पूर्णाचे भाग मिळवायचे असतात. तिला हे दोन्ही प्रसंग शेजारी शेजारी मांडून दाखवा, ती तुमच्याशी वाद घालेल आणि त्या वादातच तिला कळेल.

म्हणून माझं उत्तर: ज्या चित्रात 'पूर्ण' हलत नाही ते चित्र. पट्टी घ्या. सगळ्या पट्ट्या एकाच लांबीच्या, २४ सेंमी. अर्धा १२, तिसरा भाग ८, पाव ६, सहावा ४, आठवा ३, बारावा २. एक अखंड पट्टी कायम खाली ठेवायची, तिच्यावरच बाकीचे तुकडे मांडायचे. अर्ध्याला लागून तिसरा भाग ठेवला की २० सेंमी होतात. आता विचारा, कोणत्या एकाच मापाच्या तुकड्यांनी हे बरोबर भरेल? मुलं एकेक लावून बघतात. पावाचे तुकडे बसत नाहीत, आठव्याचे बसत नाहीत, सहाव्याचे पाच बरोबर बसतात. बाराव्याचेही दहा बसतात आणि मग वर्गात दोन उत्तरं तयार होतात, ५/६ आणि १०/१२. सममूल्य अपूर्णांक तिथेच शिकवा. समच्छेद कशासाठी करायचा, हे त्या पाच तुकड्यांत हाताला लागतं.

निंबोणी
२४ चा हिशेब किती छान आहे! आज रात्रीच कापते. पण पाचवा भाग? ४.८ सेंमी कापायचे का?

कृष्णाकाठ
पाचव्या-दहाव्यासाठी दुसरा संच ३० सेंमीचा करा. अर्धा १५, तिसरा १०, पाचवा ६, सहावा ५, दहावा ३. पाव साडेसात येतो, तोही फूटपट्टीवर दिसतो. आणि दोन संच असणं फायद्याचंच. एकाच संचावर खूप दिवस काढले की मुलं "अर्धा म्हणजे बारा सेंमी" असं पाठ करतात. दुसऱ्या संचात अर्धा पंधरा येतो आणि 'कशाचा अर्धा?' हा प्रश्न आपोआप येतो.

बेल्जियममधले शिक्षक जॉर्ज क्विझनेर यांच्या रंगीत कांड्या हेच काम करतात. १ ते १० सेंमी लांब, प्रत्येक लांबीला एक रंग, आणि कांडीवर एकही खूण नाही. दोन सेंमीची लाल कांडी चार सेंमीच्या जांभळीचा अर्धा असते आणि सहा सेंमीच्या गडद हिरवीचा तिसरा भाग. कांडी तीच, अपूर्णांक बदलतो. रंगीत कार्डशीटच्या पट्ट्या कापूनही चालतं.

सुतारपक्षी
मी शिक्षक नाही. कोल्हापुरात उद्यमनगरात वर्कशॉप आहे. धागा वाचून राहवलं नाही.

आमच्याकडे दहावी झालेली पोरं कामाला येतात. पहिल्या दिवशी सांगतो, "७/१६ चा पाना बसत नाही, एक नंबर लहान आण." पोरगं पेटीत बघत उभं राहतं. ३/८, ७/१६, १/२, ९/१६ असे आकडे लिहिलेले, त्यातला लहान कोणता हे कळत नाही. छेद मोठा म्हणून ७/१६ मोठा वाटतो, नाहीतर लहान म्हणून १/२ सर्वांत लहान वाटतो. मग मी इंची टेप उघडून देतो. एका इंचात आठ सूत. ३/८ म्हणजे तीन सूत, १/२ म्हणजे चार सूत, त्यांच्या मधोमध साडेतीन सूत, तोच ७/१६. एकदा टेपवर बोट फिरलं की पुन्हा विचारत नाही.

शाळेत इंचाची बाजू कुणी वापरतच नाही. बाई, तुमच्या मुलांच्या कंपासपेटीतल्या पट्टीवर आत्ता ही संख्यारेषा आहे. कुठल्या पट्टीवर इंचाचे आठ भाग असतात, कुठल्यावर सोळा, कुठल्यावर दहा. ते आधी मोजायला लावा.

खडूफळा
सुतारपक्षी, मनापासून धन्यवाद! ही पट्टी मुलांच्या हातात रोज असते आणि सेंमीच्या बाजूनेच वापरली जाते. उद्या वही, बाकाची जाडी, डस्टर सगळं इंचात मोजायला देणार.

जुना_आणा
वय वर्षे ७८. आमच्या वेळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे रोज संध्याकाळी म्हणून घेत. औटकी म्हणजे साडेतीनची. आज नातवंडांना म्हणून दाखवतो तर तोंडाकडे बघत राहतात.

पण पाढ्यांबरोबर आमच्या मुठीत रुपया होता. १६ आण्यांचा रुपया, १२ पैंचा आणा. आठ आणे अर्धा, चार आणे पाव. तिसरा भाग काढायला गेलो तर ५ आणे ४ पै. १/२ + १/३ विचारलंत ना? आठ आणे आणि पाच आणे चार पै, झाले तेरा आणे चार पै. रुपयाला वरती २ आणे ८ पै कमी, तोच सहावा भाग. रुपया कधी बदलत नसे, म्हणून घोटाळा होत नसे. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, हिशेब सोपा झाला आणि अपूर्णांक बाजारातून उठले.

परसदार
जुना_आणा काका, पाढ्यांचा वेगळा धागा काढाच. औटकी ऐकायची आहे, शक्यतो तुमच्या आवाजात.

ओहायोकर
अंशछेद सरांच्या "हात बसवा" या मुद्द्यावर एक आठवण देतो. अमेरिकेत १९७८ साली राष्ट्रीय पातळीवरच्या चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं: १२/१३ + ७/८ चं उत्तर अंदाजे किती? पर्याय होते १, २, १९, २१. बरोबर उत्तर २, ते दिलं फक्त २४ टक्के मुलांनी. त्याहून जास्त मुलांनी १९ निवडलं, आणि २१ निवडणारीही जास्तच होती. म्हणजे अंशांची बेरीज नाहीतर छेदांची बेरीज.

तिथे लसावि काढायची गरजच नव्हती. १२/१३ म्हणजे एकाला जरा कमी, ७/८ म्हणजेही एकाला जरा कमी. संख्यारेषेवर बोट ठेवता येणाऱ्या मुलाला हे क्षणात दिसतं. इथे आता तिसरीपासूनच संख्यारेषेवर अपूर्णांक मांडायला लावतात. आमच्या मुलाच्या वहीत आधी १/४ ची एक उडी, मग तशा तीन उड्या म्हणजे ३/४, मग पाच उड्या म्हणजे ५/४. एकाच्या पुढे जाताना त्याला काही वेगळं वाटलं नाही. अंशाधिक अपूर्णांक म्हणून वेगळा धडा लागला नाही.

अंशछेद
ओहायोकर, उदाहरण चांगलं आहे. अंदाज यायला हवा हे मान्य. पण अंदाजाने दोन म्हणणारा मुलगा नेमकं उत्तर १८७/१०४ काढू शकला पाहिजे, हा आग्रह मी सोडणार नाही. दोन्ही करा, पण दुसरं राहून जाऊ देऊ नका.

रेघोट्या
गोलाची बाजू कुणीच घेत नाहीये, म्हणून मी घेते. 🙂 गोलाचे पाच-सात समान भाग हाताने होत नाहीत हे खरं. पण वर्गाच्या भिंतीवर एक गोल टांगलेला आहे आणि त्याचे भाग आधीच पाडलेले आहेत. घड्याळ. तासाचा तिसरा भाग २० मिनिटं, पाव तास १५ मिनिटं, मिळून ३५ मिनिटं, म्हणजे पाच-पाच मिनिटांचे सात भाग, ७/१२. घड्याळात 'पूर्ण' कधीच बदलत नाही, त्यामुळे कृष्णाकाठ यांची अटही पाळली जाते. गोलाचा आणखी एक फायदा: पाव भाग उरलेल्या गोलाशिवायही पाव म्हणून ओळखू येतो, काटकोनामुळे. पट्टीचा तुकडा एकटा पडला तर कशाचा कितवा भाग आहे ते सांगता येत नाही.

कृष्णाकाठ
रेघोट्या, घड्याळाला पूर्ण अनुमोदन. आणि तुमचा शेवटचा मुद्दा माझ्या मनात आला नव्हता, पटला.

खडूफळांच्या 'कशासाठी' या प्रश्नाकडे येतो. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथे अपूर्णांकांच्या शिकवण्यावर बराच काळ काम झालं आहे आणि त्यात दोन वाटा एकत्र आणल्या आहेत: वाटपाची आणि मापाची. वाटपाची अशी: तीन भाकरी चार मुलांत सारख्या वाटल्या, प्रत्येकाला किती? हे उत्तर सांगायच्या आधी मुलांनाच वाटू द्या. काहीजण प्रत्येक भाकरीचे चार तुकडे करतात आणि एकेक वाटतात, प्रत्येकाला पावाचे तीन तुकडे. काहीजण दोन भाकऱ्या अर्ध्या करून प्रत्येकाला अर्धी देतात आणि उरलेल्या एकीचे चार करतात, अर्धी आणि पाव. दोघांना मिळालेली भाकरी सारखीच. १/२ + १/४ = ३/४ हे बेरीज शिकवायच्या आधीच घडतं. जुन्या इजिप्तमध्ये लेखनिकांना हाच प्रश्न पडायचा. ऱ्हिंड पपायरस ही तिथली गणिताची गुंडाळी साधारण इ.स.पू. १५५० ची आहे, त्यात दहा माणसांत सात पावरोट्या वाटायचं उदाहरण आहे. उत्तर दिलंय २/३ आणि १/३० असं. करून बघा, ७/१० च येतात.

या वाटेने तुलनाही सोपी जाते. चार मुलांत तीन भाकरी आणि पाच मुलांत तीन भाकरी, कुणाला जास्त? छेद वाढला की वाटा कमी का होतो, हे निंबोणीताईंच्या लेकीला एका वाक्यात कळेल. मापाची वाट म्हणजे पट्टी, टेप, संख्यारेषा. वाटपातून अपूर्णांक 'किती' ते कळतं, मापातून तो संख्यांच्या रांगेत जागा घेतो. तुमच्या वर्गात पहिलं रंगवण्यापुरतं झालं आणि दुसरं झालंच नाही, असं तुमच्या वर्णनावरून वाटतं.

निंबोणी
कृष्णाकाठ, भाकरीच्या ऐवजी थालीपीठ घेतलं, बाकी सगळं तुम्ही सांगितल्याप्रमाणे. लेक म्हणाली, "म्हणजे पाहुणे वाढले की छेद वाढतो." 😄

आता तिची पुढची अडचण. ३/४ ÷ १/२. "उलटा करून गुणायचं" हे तिला येतं, उत्तर १ १/२ काढते. पण पट्टीवर करायला गेली तर पाऊण पट्टीत अर्धी पट्टी एकदा बसली आणि एक पावाचा तुकडा उरला. म्हणून ती म्हणते उत्तर १ १/४ हवं. मला समजावून सांगता येईना.

खडूफळा
निंबोणी, हा प्रश्न सातवीत दरवर्षी येतो आणि मला तो फार आवडतो. उरलेला तुकडा पूर्ण पट्टीचा पाव आहे, बरोबर. पण भागाकारात आपण विचारतोय, "अर्ध्या पट्ट्या किती बसल्या?" आता मोजायचं माप अर्धी पट्टी आहे. उरलेला तुकडा त्या अर्ध्या पट्टीचा किती भाग? निम्मा. म्हणून दीड अर्ध्या पट्ट्या. तिला अर्धा लिटरची बाटली आणि पाऊण लिटर दूध द्या. किती बाटल्या भरल्या? एक पूर्ण आणि दुसरी निम्मी. "सव्वा बाटली" कुणीच म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी ३/४ ÷ १/८ करू द्या. सहा वेळा बसतो, काही उरत नाही, आणि भागल्यावर उत्तर मोठं कसं आलं या प्रश्नाचं उत्तर समोर पडलेलं असतं.

निंबोणी
बाटलीने काम झालं. गुणाकाराचं काय करता?

खडूफळा
गुणाकाराला पट्टी अपुरी पडते, कागदाची घडी घालते. उभ्या चार घड्या, तीन भागांवर निळ्या रेघा. मग तोच कागद आडवा तिनात, दोन भागांवर लाल रेघा. दोन्ही रेघा असलेली घरं बारापैकी सहा. २/३ × ३/४ = ६/१२, म्हणजे अर्धा. पाऊण कागदाचा दोन तृतीयांश घेतला म्हणून पाऊणपेक्षा कमी आलं, 'गुणलं की वाढतं' ही समजूत इथे सुटते. तिनात घडी जरा चुकते, आधी बोटाने गुंडाळून सारखी करून मग दाबायची.

रेघोट्या
अंशछेद सर, "भाकरी बीजगणितात कामाला येत नाही" याला माझं उत्तर भास्कराचार्य. 🙂 लीलावतीतलं (इ.स. ११५०) भुंग्यांचं उदाहरण आठवा. थव्याचा पाचवा भाग कदंबावर गेला, तिसरा भाग शिलींध्रावर, या दोन भागांतल्या फरकाची तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा हवेतच घिरट्या घालत राहिला. तर भुंगे किती?

x न घेता पट्टी काढा. पाचात आणि तिनात दोन्हीत वाटली जावी म्हणून पंधरा घरांची. कदंबाची ३ घरं, शिलींध्राची ५. फरक २, तिप्पट ६. तीन, पाच आणि सहा मिळून चौदा, एक घर उरलं. त्या घरात एक भुंगा, म्हणून एकूण पंधरा. हवेत दोन भुंगे राहिले असते तर? घर दोन भुंग्यांचं, उत्तर तीस. मुलांना हा बदल करायला सांगा, समीकरणाच्या दारात ती आपणहून जाऊन उभी राहतात.

गिरणाकाठी
आमच्या चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे. इकडच्या शाळांच्या सहली पाटणादेवीला जातात. धाग्यावर त्यांचं नाव आलं म्हणून फार आनंद झाला, मूळ विषय चालू द्या.

अंशछेद
रेघोट्या, भुंग्यांचं उदाहरण मी अनेकदा x घेऊन शिकवलं आहे. पंधरा घरांची पट्टी सुंदर आहे, आणि लसावि त्यात आपोआप आला हे मला विशेष आवडलं. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना माझा विरोध नाहीच. पट्टी डोक्यात बसली की ती बाजूला ठेवून लिहायला लावा, एवढंच.

खडूफळा
सगळ्यांचे आभार. गेल्या आठवड्यात इंचाची बाजू आणि २४ सेंमीचा संच दोन्ही वापरलं. त्या मुलीला कबड्डीचे सामने आणि पट्टी शेजारी दिली. बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "सामन्यांत पूर्ण वाढत जातं, पट्टीत तेवढंच राहतं." तिचं वाक्य तसंच फळ्यावर लिहून ठेवलंय. संख्यारेषेवर अजून सगळी मुलं ठीक नाहीत, काहींना रेषेवरच्या खुणा मोजायच्या की मधल्या जागा, हा गोंधळ आहे. त्यांच्यासाठी पट्ट्याच रेषेवर ठेवून चाललेय.

आता मुलांना ३/७ आणि १/२ ची तुलना हवी आहे. २४ चे सात भाग कसे पाडू?

सुतारपक्षी
आखीव कागद घ्या बाई. लाकडी फळीचे भाग पाडायला आम्ही टेप तिरका धरतो, तीच युक्ती. पट्टीचं एक टोक एका ओळीवर ठेवायचं, पट्टी तिरकी करत दुसरं टोक खाली सातव्या ओळीवर आणायचं. मधल्या ओळी जिथे पट्टीला छेदतात तिथे खुणा. सात समान भाग. फक्त २४ सेंमीची पट्टी इतकी कमी तिरकी ठेवली तर फुलस्केपच्या बाहेर जाते. म्हणून दर तीन ओळींना एक खूण करा, म्हणजे दुसरं टोक एकविसाव्या ओळीवर येईल.

खडूफळा
जमलं! सातच काय, अकरा भागही पाडून झाले. ३/७ ही खूण अर्ध्याच्या जरा अलीकडे आली. आता मुलं विचारतायत की तिरकं ठेवल्यावर भाग समान कसे येतात.

अंशछेद
दहावीला समांतर रेषा आणि त्यांच्या छेदिका यांचा गुणधर्म येतो, सिद्धता तिथे. सहावीत सिद्धता सांगू नका. एका कागदावर हाताने मुद्दाम कमी-जास्त अंतराच्या ओळी आखून द्या, त्यावर तीच पट्टी तिरकी ठेवू द्या आणि तुकडे मोजायला लावा. काय सापडलं ते इथे नक्की लिहा.